तीनदा नको

पिवळ्या नदीच्या उत्तरेला त्या वर्षी तिसरा सुभेदार मेला. तिघेही आजारानेच गेले. आजाराचं नाव तेवढं पहाऱ्याचं पथक. राजधानी चांगआनच्या दरबाराला त्यात काही वावगं वाटत नसे. मेलेल्याचा दुखवटा आणि पथकाने बसवलेल्याची नेमणूक दरबार एकाच घोड्यावरून पाठवी. तेवढाच घोड्याचा एक हेलपाटा वाचे.

पागेचा अधिकारी हौ मेंग घोडीच्या खुरातला खडा काढत होता, तेवढ्यात पथक सुभेदाराचा जांभळा झगा घेऊन आत शिरलं. झग्यावरचे आधीच्या मालकाचे डागसुद्धा नीट धुतलेले नव्हते.

सोबत हौचा जिवलग मित्र, चिटणीस शाओ होता. तो कानाशी पुटपुटला, "हौदादा, रीत ठाऊक आहे ना? तीनदा नको म्हणायचं, मग अंगात घालायचा. दरबाराला धाडायचं पत्र मी लिहूनच ठेवलंय. 'रडत रडत तीनदा नाकारलं.'"

"आणि मला खरंच नको असेल तर?"

"तर म्हणतील, काय हा विनय!"

नको म्हटलं की गळ्यात पडतं. मग हो म्हटलं तर? हौने झग्यावर झडपच घातली. "आणा इकडे! कधीची वाट बघतोय. खुर्ची कुठाय?"

तीन धन्यांचे गळे चिरणारी माणसं लाजेने लाल झाली.

"शी! जनाची नाही तर मनाची तरी ठेव!" पथकाचा म्हातारा नायक तांग कडाडला. "असल्या हावरटाच्या हाताखाली राबायचं आम्ही?" त्याने झगा हिसकावला आणि त्याची नजर शाओकडे वळली. शिकलेला माणूस, नखंही स्वच्छ.

"मी? छे छे, मला नको!"

"एक," तांग म्हणाला.

"अहो, नको म्हणतोय ना!"

"दोन!"

शाओ पळाला. गवताच्या गंजीत सापडला तेव्हा हमसाहमशी रडत होता.

"तीन! याला म्हणतात संस्कार," तांग म्हणाला.

मित्रासाठी हौला वाईट वाटलं, पण त्या दुपारी त्याने बाजरीची पेज दोन वाडगे ओरपली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला बोलावणं आलं. शाओ खुर्चीत बसला होता, झगा खांद्यावरून घसरत होता. दाराशी तांग उभा होता.

"दादा, साऱ्या पथकादेखत तू खुर्ची मागितलीस. तुला जिवंत कसा ठेवू?"

"का मागितली, ते तुला ठाऊक आहे शाओ!"

"मला आहे रे. त्यांना कुठे आहे?" शाओचे डोळे भरून आले. त्याचा हौवर खरंच जीव होता. तरी हुकूम लिहायला त्याने कुंचला उचललाच.

हौने त्याचे पाय धरले. "आकाशाची शपथ, मला ती खुर्ची नको!"

दाराशी तांगने कान टवकारले.

"एक," तो म्हणाला, आणि शाओच्या झग्याकडे बघत त्याने तलवार उपसली.