कठड्याचा आठवा खांब

चिमट्यातून खांब निसटला आणि टणटणत टेबलाखाली गेला. सकाळपासूनची ही तिसरी वेळ. चिंतामणनं कानोसा घेतला. स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता, म्हणजे इंदिराला ऐकू गेलं नसणार. खुर्चीचा हात धरून तो खाली बसला आणि फरशीवरून तळवा फिरवू लागला. खांब पितळेचा, लोहचुंबकाला चिकटणारा नव्हे. लांबीला काडेपेटीतल्या काडीच्या निम्मा. एकदाचा तो सापडला, पण उचलताना बोटं अशी थरथरली की पुन्हा वीतभर पुढं उडाला.

"काय शोधताय?" इंदिरा दारात उभी होती.

"चष्मा."

"डोळ्यावर हाय की."

 ती आत गेली.

टेबलावर आगगाडीचं हातभर लांबीचं डिझेल इंजिन अर्धवट उभं होतं. चिंतामणनं पुण्याच्या डिझेल शेडमध्ये एकतीस वर्षं फिटर म्हणून काढली होती. निवृत्त झाल्यावर बारामतीत एमआयडीसीच्या पाठीमागं घर बांधलं आणि परसातल्या पेरूला, सीताफळाला वळसा घालून तीन बोटं रुंदीचे रूळ टाकले. त्यावर धावणारी तीन इंजिनं त्यानं स्वतः बनवली होती, पत्रा कापण्यापासून रंगापर्यंत. चौथं कुठलं करायचं यावर मात्र सहा महिने घोडं अडलं होतं. शेडमधले त्याचे जोडीदार मोहनराव म्हणाले होते, "नव्या जातीचं कर. सपाट पत्र्याचा डबा. कामबी हलकं." चिंतामणनं शेवटी अल्को धरलं. ज्याच्या पोटात शिरून उमेदीची सगळी वर्षं गेली ते जुनं इंजिन. लांबलचक नाक, अंगभर जाळ्या, आणि दोन्ही बाजूंना कठडा. एकेका बाजूला बारा खांब. खरी इंजिनं एकेक करून भंगारात गेली होती. बारामतीच्या लाइनीवरही आता विजेच्या तारा आल्या होत्या.

पत्रा कापून होतो न होतो तोच उजव्या हाताची करंगळी आपोआप हलायला लागली. मग अंगठा, मग पंजा. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. चालही बारीक झाली, पाय घासत पडू लागले. हात पुरता जायच्या आत एवढं एक होऊ दे, असं चिंतामणनं मनाशी ठरवलं आणि तो रोज सकाळी व्हरांड्यातल्या टेबलाशी बसू लागला.

खांब तीनदा पडला त्या दिवशी दुपारी गोळीच्या गुंगीनं तो आडवा झाला. चारला उठून टेबलाशी आला, तर इंजिनावर आठ खांब. जाताना सात होते. सातच होते ना? त्यानं बोट लावून पाहिलं. आठवा ताठ उभा होता, सोल्डरचा टाका स्वच्छ, कुठं थेंब ओघळलेला नाही. मीच लावला असेल जेवणाआधी, त्याला वाटलं, आणि घटकाभर बरंही वाटलं.

पुढच्या आठवड्यात तसंच झालं. त्यानं मग एक वही केली. मंगळवारी लिहिलं : 'आज एकही लागला नाही. एकूण नऊ.' बुधवारी संध्याकाळी मोजले तर दहा.

त्यानं वही मिटली. त्याला वडील आठवले. शेळगावात आबाजींनी शेवटची चार वर्षं अशीच काढली होती. वीस वर्षांपूर्वी विकलेली मेंढरं ते रोज तिन्हीसांजेला शोधायला निघायचे. चिंतामण सुट्टीवर गेला की त्याला त्याच्या मेलेल्या चुलत्याच्या नावानं हाक मारायचे आणि म्हणायचे, "म्हस्कू, कळप कुठं बसवलास रं?" हात गेला तर माणूस बसून खातो. डोकं गेलं तर काय उरतं, हे चिंतामणनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

इंदिराला त्यानं यातलं काहीच सांगितलं नाही. केस कापायला जातो म्हणून तो एकटाच डॉक्टरांकडं गेला.

"मी केलेलं काम मला आठवत न्हाय," तो म्हणाला.

"म्हणजे नेमकं काय होतं?"

"कामाचं सामान तयार झालेलं दिसतं. कधी केलं ते ध्यानात न्हाय."

डॉक्टरांनी वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, ते त्यानं बिनचूक केलं. मग कागद पुढं सरकवला. "घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं." चिंतामणनं पेन धरलं. वर्तुळाचा बटाटा झाला, आकडे एकमेकांवर चढले, काटा कागदाबाहेर गेला. डॉक्टर त्या कागदाकडं पाहत म्हणाले, "सध्या विसरण्यावरची एक गोळी सुरू करू. पुढच्या वेळी घरच्यांना बरोबर आणा."

घरच्यांना त्यानं नेलं नाही. गोळ्यांची पट्टी हत्यारांच्या पेटीत ठेवली. त्या गोळीनं मळमळायचं, उलट्या व्हायच्या, अन्नावरची वासना उडाली. स्कूटर चालवणं त्यानं सोडलं. इंदिराचा नंबर कागदावर लिहून तो खिशात घालून फिरू लागला. असे तीन महिने गेले. इकडं इंजिनाची एक बाजू पुरी झाली, दुसरी निम्म्यावर आली. एक-एक नवा खांब दिसला की तो वहीत आकडा लिहून वही मिटायचा.

शेवटी त्यानं मोहनरावांना फोन लावला. "येऊन इंजिनं घेऊन जा. चारी."

"का रं? काय झालं?"

"मला तुमी कोण ते कळतंय तवर या."

मोहनराव दुसऱ्याच दिवशी निरवांगीहून मोटारसायकलवर आले. इंदिरा भाजीला गेली होती. चिंतामणनं सगळं सांगितलं, वही दाखवली. मोहनराव ऐकत राहिले. मग त्यांनी इंजिन उजेडात धरलं, भिंग मागितलं आणि एकेक खांब तपासू लागले. शेडमध्ये कुणाचं काम कुठलं, हे ते नुसत्या वेल्डिंगवरून सांगायचे.

"चिंतामण, पहिले सात तुझं हायत. हा आठवा न्हाय."

"मग कुणाचा?"

"तू कानस मारतोस ती उजवीकडनं. रेघा अशा पडत्यात. ह्या बघ. उलट्या. हे डावखुऱ्या माणसाचं काम हाय." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "तुझ्या डोक्याला काय बी झालेलं न्हाय, गड्या."

चिंतामणनं स्वतः भिंग लावून पाहिलं. तो खुर्चीवर बसला. घरात डावखुरं माणूस एकच होतं.

फाटक वाजलं. इंदिरा पिशवी घेऊन आत आली, दोघांचे चेहरे आणि टेबलावरचं भिंग पाहून तिथंच थबकली. मोहनराव उठले. "वहिनी, चहा पुढच्या वेळी घेतो," म्हणाले आणि गेले.

"कधीपास्नं?" चिंतामणनं विचारलं.

इंदिरानं पिशवी खाली ठेवली. "पावसाळ्यापास्नं. भिगवण रोडला मोबाईल दुरुस्तीचं दुकान हाय, तितल्या सुकन्याकडं आठ दिवस टाके मारायला शिकले. तुमी झोपला की एखादा लावायची."

"मला न विचारता?"

"विचारलं होतं. तुमी चष्मा म्हणालात." तिचा आवाज चढला. "खांब पडायचा त्या दिवशी तुमी जेवत न्हवता. मी काय करायचं? नुसतं बघत बसायचं?"

"अगं, मला वाटलं मी आबांसारखा झालो! तीन महिनं! रोज सकाळी उठून आधी तुझं नाव आठवून बघायचो!"

त्यानं हत्यारांची पेटी उघडून गोळ्यांची पट्टी टेबलावर टाकली. तिनं ती उचलली, नाव वाचलं. इंदापूरच्या सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स म्हणून काढलेली बाई ती. त्या गोळीनं काय होतं हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"म्हणून उलट्या व्हायच्या," ती म्हणाली. "अन् मी कंपवाताच्या गोळीला बोल लावत होते." ती खाली फरशीवरच बसली. "जन्मभर दुसऱ्यांची नाडी बघितली, अन् घरातलं माणूस भ्यालंय ते मला कळलं न्हाय."

चिंतामणनं तिला उठवलं नाही. त्याला तेवढा राग आला होता. "लोकांच्या जखमा शिवून भागलं न्हाय म्हणून मला शिवायला निघालीस," तो म्हणाला आणि आत जाऊन पडला.

दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरांकडं गेली. इंदिरानं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी गोळी बंद केली. "विसरभोळेपणाचं मला काही दिसत नाही," ते म्हणाले. "पण हाताचं खोटं सांगत नाही. ते वाढत जाणार."

इंजिनावर इंदिरानं जुनी ओढणी टाकली आणि त्यानंतर ती व्हरांड्यात फिरकली नाही. घरात बोलणं उरलं ते मिठाचं आणि गोळ्यांच्या वेळांचं. पंधरा-अठरा दिवस असे गेले. एका सकाळी चिंतामणनं ओढणी काढली. तिच्या मदतीशिवाय एक तरी खांब लावायचा म्हणून तो बसला. हात टेबलावर दाबून धरला, श्वास रोखला. सोल्डरिंगची तापलेली सळई खांबाला लागायच्या ऐवजी सरकली आणि डाव्या तळव्यावर टेकली.

तो ओरडला नाही. पण सळई पडल्याचा आवाज झाला.

इंदिरा धावत आली. काही न विचारता तिनं त्याचा हात नळाखाली धरला, मनगट घट्ट पकडून पाच मिनिटं धरून ठेवला. मग त्याला खुर्चीवर बसवून मलम लावलं, जाळीचा कपडा ठेवला आणि पट्टी गुंडाळू लागली. डावा हात फिरत होता, उजवा त्याला वाट देत होता. ना घाई, ना एक वेढा जास्त. चिंतामण बघत राहिला. तो पुण्यात रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, ती इंदापुरात. रविवारची नवरा-बायको म्हणून त्यांचा संसार झाला होता. एवढ्या वर्षांत त्यानं तिला तिचं काम करताना कधी पाहिलंच नव्हतं.

"दुखतंय?" तिनं विचारलं.

"न्हाय." पट्टीच्या हातानं त्यानं इंजिनाकडं बोट दाखवलं. "नववा खांब तू उलटा लावलाईस."

तिनं मान वर केली.

"खालची गाठ बाहेरच्या अंगाला पायजे. आत ठेवलीस. अल्कोवर तशी नसती."

"मग काढायचा?"

"काढ. खुर्ची घे."

ती बसली. सळई डाव्या हातात घेतली. चिंतामणनं थरथरणारा हात मांडीखाली दाबला. "आधी पत्रा तापव, खांब न्हाय. आता. थांब. अजून थांब. काढ." खांब सुटून आला. तिनं तो फिरवला, बसवला. "आता सोल्डर टेकव. नुसतं टेकव, ते आपोआप पळतं." चांदीसारखी रेघ गाठीभोवती फिरली आणि थिजली. तेव्हा चिंतामणच्या लक्षात आलं, की तिच्याबरोबर त्यानंही श्वास धरला होता.

तसं मग रोज सकाळी. तो सांगायचा, ती करायची. चुकलं की तो चिडायचा. कधी ती सळई ठेवून सरळ उठून जायची आणि तासाभरानं परत यायची. काही दिवस तो तोंड फिरवून परसाकडं बघत बसायचा. आपल्या ओठांतून निघून काम दुसऱ्याच्या बोटांत जातं, हे त्याच्या गळी पूर्ण कधीच उतरलं नाही. मार्गशीर्षात विटकरी रंगाचा हात बसला, पिवळा पट्टा ओढून झाला.

इंजिन रुळांवर ठेवलं त्या सकाळी थंडी होती. वेगाची कळ चिंतामणच्या हातात होती. त्यानं ती फिरवली, तसं हाताच्या थरथरीबरोबर इंजिनानं दोन गचके खाल्ले. त्यानं कळ इंदिराच्या हातात दिली.

इंजिन संथ निघालं. तो रुळांच्या कडेनं त्याच्याबरोबर चालू लागला, पाय घासत, खाली बघत. पेरूच्या वळणापाशी ते त्याला मागं टाकून पुढं गेलं. सीताफळापर्यंत चांगलं पाच-सहा पावलांचं अंतर पडलं. तो थांबला नाही. मग ते अंतर तसंच राहिलं, मग कमी होऊ लागलं. तो पुन्हा इंजिनाच्या बरोबरीला आला.

त्यानं मागं वळून पाहिलं. इंदिरा पायरीवर बसली होती. तिचं लक्ष रुळांवर नव्हतंच. त्याच्या पावलांकडं बघत ती डाव्या हातानं कळ हळूहळू उलटी फिरवत होती.