पाऊण इंच

लेक नव्या घरात राहायला गेली तेव्हा दोन्ही आयांपैकी कुणाचंच मन दुखू नये म्हणून तिने एक शक्कल लढवली. बाहेरच्या खोलीच्या मोठ्या खिडकीला दोन पडदे लागणार होते. एकाच ताग्यातलं कापड तिने दोघींना दिलं. डावा पडदा आईने शिवायचा, उजवा सासूबाईंनी. माप जिचं तिने घ्यायचं.

तिच्या आईने आयुष्यभर गल्लीतल्या पोरींचे फ्रॉक शिवले होते. सगळे तिला फ्रॉकवाल्या काकू म्हणायचे. काकू एका शनिवारी गळ्यात टेप अडकवून आल्या, पडद्याच्या दांडीपासून फरशीपर्यंत एक्क्याण्णव इंच मोजले आणि गेल्या. पुढे विहीणबाईंचं माप साडेनव्वद आल्याचं कळलं, तेव्हा त्या मनातल्या मनात सुखावल्या. बँकेत साहेबीण होत्या म्हणून काय झालं, पडदा तोकडाच पडणार.

पडदे लागले आणि झालं भलतंच. विहीणबाईंचा पडदा जमिनीला जेमतेम टेकला. काकूंचा पाऊण इंच फरशीवर लोळू लागला.

"आईचा अगदी मापात बसलाय," जावई म्हणाला. तो त्याच्या आईबद्दल बोलत होता.

"तुझाही छान झालाय गं," लेक घाईघाईने काकूंना म्हणाली.

त्या 'तुझाही'ने काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्या आठवड्यात नळ दुरुस्त करणारी माणसं येणार होती, म्हणून लेकीने काकूंना ठेवून घेतलं होतं. दुपारी घरात कोणी नसे. काकूंनी स्टूल ओढलं आणि खिडकी पुन्हा मोजली. एक्क्याण्णव. खात्रीसाठी परत मोजली, तर पावणेएक्क्याण्णव. दांडीच्या वरच्या कडेपासून धरावं की खालच्या, इथेच घोळ होता. वर टेप धरली की खालचा आकडा दिसेना, खाली वाकलं की वरचं टोक सुटे. शेवटी त्यांनी टोक कपड्यांच्या चिमट्याने दांडीला अडकवलं. सव्वाएक्क्याण्णव. आता मधेच टेपला पोक आलं होतं.

उजव्या बाजूला मात्र साडेनव्वदच भरले. फरशीच तिकडे थोडी चढलेली होती. म्हणजे विहीणबाईंचं चुकलं नव्हतं, आणि काकूंचंही. दुसरी कोणी असती तर तिला हायसं वाटलं असतं. काकूंना वाटलं नाही. त्यांना विहीणबाईंची चूक हवी होती.

त्यांनी स्वतःचा पडदा मोजला. पावणेब्याण्णव. काढून पलंगावर पसरला, तर एक्क्याण्णव. पुन्हा टांगला, पावणेब्याण्णव. मग त्यांनी दार मोजलं, टेबल मोजलं, लाटणंसुद्धा मोजलं. दर वेळी केसभर इकडेतिकडे. ज्या टेपच्या जिवावर जन्मभर मिरवलं, तिच्याकडे त्या संशयाने बघू लागल्या.

मग त्यांनी विहीणबाईंच्या पडद्याची खालची दुमड उलटून पाहिली. टाका बाहेरून दिसतच नव्हता. असली शिलाई घरच्या मशीनवर होत नाही. आणि आतल्या बाजूला खडूने लिहिलेला एक आकडा होता, शिंपी गिऱ्हाइकाच्या कपड्यावर घालतात तसा.

काकूंना कोण आनंद झाला. तेवढ्यात दाराच्या कुलपात किल्ली फिरली आणि विहीणबाई आत आल्या.

"तुमच्याकडे किल्ली आहे?" काकूंच्या तोंडून निघून गेलं. दुमड त्यांच्या हातातच राहिली. त्यांना स्वतःला या घराची बेल वाजवून यावं लागे.

"मी जवळ राहते ना, म्हणून दिली." विहीणबाईंचं लक्ष काकूंच्या हाताकडे गेलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि खुर्चीत बसल्या. "शिंप्याकडून करून घेतला," त्या म्हणाल्या. "तीनदा मोजली खिडकी, तीनदा वेगळं आलं. म्हटलं, हा तुमच्या शिवणाशेजारी लागणार, रोज माणसं बघणार. धीरच होईना. शेवटी शिंप्यालाच बोलावलं. तो म्हणाला, हे कापड टांगलं की उतरतं. त्याने आधी दोन दिवस टांगून ठेवलं, मग दुमड घातली."

"उतरतं म्हणजे?"

"स्वतःच्या वजनाने लांबतं म्हणे."

काकू स्टुलावर टेकल्या. फ्रॉक कधी एवढे लांब नव्हते.

"मुलांना सांगाल का हो?" विहीणबाईंनी विचारलं.

"बघू," काकू म्हणाल्या, आणि तो 'बघू' त्यांना फार गोड लागला.

तरी दुपार रिकामी होती. विहीणबाईंनी खाली बसून काकूंच्या पडद्याला टाचण्या लावल्या, काकूंनी वरून पडदा सरळ धरला आणि मग पाऊण इंच दुमडून हाताने शिवला.

संध्याकाळी लेक आली. "अगबाई, आता कसा आईंच्या पडद्यासारखा दिसतोय," ती म्हणाली. काकूंच्या जिभेवर सगळं येऊन थांबलं. पण त्यांच्या आधी विहीणबाईच बोलल्या.

"अगं, माझा शिंप्याने शिवलाय. मी नुसता आणून लावला."

लेक हसली आणि सासूबाईंच्या खुर्चीच्या हातावर जाऊन बसली. "किती सरळ मनाच्या आहात हो आई तुम्ही."

काकूंच्या हातातला हुकमाचा पत्ता गेला, आणि वर कौतुकही तिकडेच. त्या उठून ओट्याशी गेल्या आणि कप जरा जास्तच जोरात विसळू लागल्या.

विहीणबाई मागोमाग आल्या. "झोपायच्या खोलीची खिडकी अजून बिनपडद्याचीच आहे. मला शिकवाल? मापं तुम्ही घ्या."

"मापं एकटीला येत नाहीत," काकू म्हणाल्या. बोलून गेल्यावर आपणच कबुली दिल्याचं त्यांना वाईट वाटलं, पण शब्द परत घेता येईना. "एकीने वर धरायचं, एकीने खाली वाचायचं."

त्या पडद्याला महिना लागला. विहीणबाईंचे वाकडे टाके काकूंनी मोठ्या चवीने उसवायला लावले. कापड टांगलं, मोजलं, वाद घातला, आणि एवढं करून पडदा किंचित आखूडच झाला. वर धरणारीचं चुकलं की खाली वाचणारीचं, हे ठरलं नाही. लेकीच्या तर ते लक्षातही आलं नाही. आल्यागेल्याला ती सांगते, "हा दोघी आयांनी मिळून शिवलाय."

काकूंना ते आवडतं. फक्त पाहुण्यांनी जरा जवळ जाऊन बघावं, डावीकडची आपली शिवण किती सरळ आहे ते, असं त्यांना दर वेळी वाटतं.