एकेचाळीस फोटो, एकच माणूस

“पप्पा, हे फोटो काढले कोणी?”

विचारून दाखव, अशी पैज स्वरूपाच्या मैत्रिणीने, अनुयाने लावली होती. रावेतहून ती कुरुळीला स्वरूपाच्या घरी अभ्यासाला आली, पप्पांचा अल्बम चाळला आणि म्हणाली, “स्वरूपा, तुझे बाबा जर्मनीला गेलेच नसतील गं. मागे पडदा लावून काढलेत. बघ ना, अख्ख्या शहरात दुसरं माणूस नाही.” स्वरूपाने तिला धपाटा घातला खरा, पण मग स्वतःही मोजले. एकेचाळीस. पुलावर पप्पा, घड्याळाच्या मनोऱ्याखाली पप्पा, बसच्या दारात पप्पा, डोक्यापासून बुटांपर्यंत. बाकी चौक, बाकडी, रस्ते, सगळं मोकळं. यंदा अख्ख्या शाळेपुढे भाषण ठोकून आलेली मुलगी घरात कशाला कचरते? अल्बम शेजारी ठेवून भाकरी मोडता मोडता तिने विचारून टाकलं.

नवनाथचा, तिच्या पप्पांचा, घास हातातच राहिला. बीडहून येऊन चाकणच्या कंपनीत फिटर लागला त्याला वीस वर्षं झाली. त्यात सांगण्यासारखं एकच घडलं होतं: अकरा वर्षांपूर्वी परदेशातल्या एका बंद कारखान्यातलं मशीन खोलून आणायला तो तीन आठवडे गेला होता.

“होता एक म्हातारा,” तो म्हणाला.

तिच्या आईने, विजयश्रीने, तव्यावरून मान वळवली. “मला कधी बोलला न्हाईत.”

“तू विचारलं न्हाईस. आपल्याकडं कसं, गुरुवारी कंपन्या बंद, दुकानं बंद, आन् रविवारी बाजार फुललेला. मला वाटलं, तिकडं पण तसंच आसंल. म्हणून फिरायला रविवार धरला.”

आणि तिथेच फसला. बाहेर पडला तर सगळी शटरं खाली. बस मात्र ठरल्या मिनिटाला आली. आत तो, आणि मागच्या बाकावर टोपी मांडीवर घेतलेला एक म्हातारा. प्रत्येक थांब्यावर स्पीकरमधून बाईचा आवाज थांब्याचं नाव सांगे, दार उघडे, गार हवा आत येई, दार मिटे. चढलं कोणी नाही, उतरलं कोणी नाही. तरी ड्रायव्हर दर वेळी थांबून राही, कोणी सावकाश चढत असावं तसा.

“उतरलो तर म्हातारा पण उतरला. माझा फोन मागून घेतला, हातानं दाखवलं, हितं उभा राहा. फोटो काढला की पुढं चालायला लागायचा.”

“बोलायचात कसे?”

“दोघांची भाषा मिळून शून्य. तो बोट दाखवायचा, मी हुं म्हणायचो.”

धूळ खात पडलेल्या कपबशांचं दुकान म्हाताऱ्याने दाखवलं. शाळा दाखवली, तिथल्या झोपाळ्यांच्या साखळ्या वर गुंडाळून बांधलेल्या. एका इमारतीच्या दारात बेलच्या बटणांची रांग होती, शेजारच्या नावांच्या पट्ट्या कोऱ्या. त्याने एक बेल दाबली, कान देऊन उभा राहिला, मग ‘आलेच’ असं कोणी म्हटल्यासारखी मान हलवली आणि निघाला. शेवटचा थांबा त्याच बंद कारखान्याच्या गेटवर.

“खुणेनं म्हणलं, आता तुमचा एक काढतो. तर तोंडापुढं हात धरला.”

सोमवारी नवनाथने मशीन खोलायला घेतलं. त्यापुढे उभं राहायची लोखंडी पाटी होती, झिजून झिजून तिला दोन पावलांचे खळगे पडलेले. “सहज उभा राह्यलो. बूट बरोबर बसले. माप घेऊन ठेवल्यावानी. दुभाष्याला विचारलं, टोपीवाला म्हातारा कोण? तो म्हणला, चौतीस वर्षं ह्या मशीनवर एक टोपीवाला होता खरा. पण त्या खात्यातलं गावात आता कुणीच न्हाई.”

ती पाटीही मशीनबरोबर चाकणला आली होती. अकरा वर्षं पप्पा तिच्यावरच उभे राहत होते. ताटापलीकडे दुमडलेल्या त्यांच्या पावलांकडे स्वरूपाने पाहिलं.

“आज बरं सांगायला सुचलं,” विजयश्री म्हणाली. “काय झालंय?”

“मशीन चाललंय. व्हिएतनामला. खोलायला तिकडचा एक माणूस आलाय.”

“आन् तुमचं खातं?”

“मशीन गेल्यावर खातं कशाचं?” नवनाथने पाण्याचा तांब्या उगाच सरकवला. “त्यानं खुणांनी विचारलं, गुरुवारी सुट्टी हाय तर गाव बघू का.”

“गुरुवारी? सगळी शटरं खाली असत्यात.”

“तेच तर. सकाळी जाऊन थांब्यावर उभा राहीन म्हणतो.”

तवा तापून धुरावला, तरी विजयश्रीचा हात तिकडे गेला नाही. स्वरूपाने अल्बम मिटला.

“गुरुवारी मी शाळा बुडवणार आहे,” ती म्हणाली. “आई, तू काही बोलू नकोस, माझं ठरलंय. पप्पा, मी तुमच्याबरोबर बसने येणार. फोटो मी काढणार, आणि प्रत्येक फोटोत त्या माणसाशेजारी तुम्ही उभे पाहिजेत. तोंडापुढे हात धरायचा नाही.”