पुन्हा चेष्टा करा

मंगळवार, २ डिसेंबर. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी गाझियाबादच्या वसुंधरा भागातल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नवा लॅपटॉप सुरू झाला. जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी, त्याच्या पडद्यावर मराठीत एक ओळ उमटली: ‘वाय-फाय साधन सापडले नाही. पुन्हा चेष्टा करा.’

श्याम गद्रे यांनी ती ओळ वहीत उतरवून घेतली आणि पुढे वेळ लिहिली. त्यांच्या पत्नी कुमुद खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांनी ओळ वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली.

“आली,” त्या म्हणाल्या.

वाय-फाय आलं नव्हतं. ओळ आली होती.

लॅपटॉपवर घातलेली प्रणाली लिनक्सची होती. ही कोणीही फुकट घ्यावी आणि हवी तशी बदलावी अशी व्यवस्था असते. जगभरचे हौशी लोक ती बनवतात आणि तिच्यातली वाक्यं आपापल्या भाषेत आणतात. या आवृत्तीतली मराठी वाक्यं, सुमारे अकराशे, मानस गद्रे यानं २०१८ ते २०२० या काळात केली होती. मानस हा श्याम आणि कुमुद यांचा एकुलता एक मुलगा. तो तीन वर्षांपूर्वी घर सोडून गेला. जानेवारी २०२३ मध्ये त्याचा एक ई-मेल आला: ‘मी ठीक आहे. कामात आहे. नंबर बदलला आहे.’ नवा नंबर त्यात नव्हता. नंतर काही आलं नाही.

‘चेष्टा’ ही त्याची चूक होती. मानस दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढला. शाळेत इंग्रजी, खाली मैदानात हिंदी, मराठी फक्त घरात आणि तीही बहुतेक जेवताना. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा. कुमुद एका मंत्रालयाच्या अनुवाद विभागात सव्वीस वर्षं होत्या. मानस त्यांना स्वयंपाकघराच्या दारातून शब्द विचारायचा. हा शब्द त्यानं विचारला नाही, कारण तो आपल्याला येतो असं त्याला वाटलं.

कुमुदच्या लक्षात आलं तोवर आवृत्ती बाहेर पडली होती आणि ‘पुन्हा चेष्टा करा’ चाळीसेक ठिकाणी गेलं होतं. त्या हसून हसून खाली बसल्या. मानस म्हणाला होता, “यार आई, पुढच्या वेळी सुधारतो.” पण पुढे घरात ते वाक्यच होऊन बसलं. कुकरची शिट्टी झाली नाही, मेट्रोच्या फाटकानं कार्ड घेतलं नाही, गॅसचा लायटर पेटला नाही की तिघांपैकी कोणीतरी म्हणायचं, पुन्हा चेष्टा करा.

२०२२ च्या गणपतीत कोपर्निकस मार्गावरच्या अतिथिगृहात दिल्लीतली मराठी मंडळी जेवायला जमली होती. गद्रे तिघंही गेले होते. मानसनं नोएडातली नोकरी सोडून चार महिने झाले होते. त्यांच्या टेबलावर कोणीतरी विचारलं, चिरंजीव सध्या काय करतात? श्यामरावांनी मागचा पुढचा विचार न करता सांगितलं, “चेष्टा. दिवसभर कॉम्प्युटरची, आणि फावल्या वेळात आमची.” मग त्यांनी त्या शब्दाची सगळी गोष्ट सांगितली. टेबलावरचे सातही जण हसले. कुमुदही हसल्या. मानसनं ताटातलं सगळं संपवलं, आईला पाणी आणून दिलं आणि बाराव्या दिवशी तो घरातून गेला.

त्याचा जुना संगणक मागे राहिला. दोघं तो वापरत होते. कुमुद रोज सकाळी त्यावर मेल बघायच्या. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो बंद पडला. नेहरू प्लेसच्या संगणक बाजारातल्या मेकॅनिकनं मदरबोर्ड गेल्याचं सांगितलं, डिस्क काढून हातात दिली आणि नवा लॅपटॉप घ्यायला लावला. श्यामरावांनी मानसच्या खणातून एक पेन ड्राइव्ह शोधला. त्यावर मानसच्या अक्षरात आवृत्तीचा क्रमांक लिहिलेला होता. तीच त्यांनी लॅपटॉपवर घातली.

लॅपटॉप या वर्षीचा, प्रणाली पाच वर्षांपूर्वीची. संगणकाच्या प्रत्येक भागाची ओळख प्रणालीला करून देणारा एक छोटा प्रोग्रॅम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. पाच वर्षांपूर्वी जे भाग जन्मालाच आले नव्हते, त्यांचे ड्रायव्हर त्या आवृत्तीत असणं शक्य नव्हतं. वाय-फाय चालत नव्हतं. टचपॅड चालत नव्हता. आवाज नव्हता.

श्यामराव केंद्र सरकारच्या एका तपासणी खात्यातून निवृत्त झाले होते. क्रमांक नसलेली तक्रार ही तक्रार नव्हे, असं त्यांचं मत होतं. त्यांनी प्रत्येक बिघाडाला क्रमांक दिला. माउस जोडला. मोबाइलची वायर लावून इंटरनेट आणलं, वाय-फायचा ड्रायव्हर उतरवला आणि एका इंग्रजी पानावर सांगितल्याप्रमाणे तो बसवायला घेतला. १० तारखेपर्यंत तो सात वेळा फसला. वहीत सात नोंदी आहेत. नेहरू प्लेसच्या मेकॅनिकनं फोनवर सांगितलं, “अंकल जी, नया वर्जन डाल दो, पाँच मिनट का काम है.” श्यामरावांनी फोन ठेवला आणि त्याला काही कळत नसल्याचं घरात जाहीर केलं.

शुक्रवारी, १२ तारखेला, दुपारच्या चहाच्या वेळी कुमुदनं विषय काढला.

“अहो, नवी आवृत्ती घालू या.”

“जुनी स्टेबल आहे.”

“बिल्कुल. काही म्हणजे काही हलत नाही तिच्यात.”

श्यामरावांनी बशीत चहा ओतला. तीन वर्षांत मुलाचं नाव त्यांनी स्वतःहून घेतलं नव्हतं, आताही घेतलं नाही. “नवीतली वाक्यं बदललेली असतील,” ते म्हणाले.

“असतील. जुनी डिस्क कपाटात आहे, ती कुठे जात नाही. जुनीत तो होता हे आपल्याला माहीत आहे. नवीत आहे का, ते बघू.”

“आणि नसला तर?”

कुमुदनं पेन ड्राइव्ह टेबलावरून उचलून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला.

शनिवारी सव्वाअकराला कुमुदनं नवी आवृत्ती घातली. श्यामराव त्या वेळी घरात थांबले नाहीत. दूध संपलं म्हणून ते खाली गेले. फ्रिजमध्ये दोन पिशव्या होत्या.

वाय-फाय पहिल्याच फटक्यात लागलं. टचपॅड चालला. कुमुदनं मुद्दाम पासवर्ड चुकीचा टाकला. पडद्यावर आलं: ‘पासवर्ड चुकला आहे. पुन्हा प्रयत्न करा.’ त्यांनी नसलेला प्रिंटर शोधायला लावला. पुन्हा प्रयत्न करा. न लावलेली डिस्क उघडायला सांगितली. पुन्हा प्रयत्न करा. पाच ठिकाणी पाहिलं, पाचही ठिकाणी मराठी बिनचूक होती.

श्यामराव दूध घेऊन आले तेव्हा कुमुदनं एवढंच सांगितलं, “सगळं शुद्ध केलंय कुणीतरी.”

श्यामरावांनी पिशवी फ्रिजमध्ये ठेवली. मग हात पुसून टेबलापाशी आले, वही उघडली आणि वाय-फाय, टचपॅड या दोन नोंदींवर काट मारली. तिसरी नोंद राहिली होती. त्यांनी विचारलं, आवाज येतो का? कुमुदनं पाहिलं नव्हतं. त्यांनी आवाज तपासायचं बटण दाबलं. आवाज आला नाही. अकरा पन्नासला ओळ आली:

‘ध्वनी साधनाचा ड्रायव्हर सुरू झाला नाही. पुन्हा चेष्टा करा.’

कुमुदनं बटण परत दाबलं. ओळ तीच होती.

“राहून गेलं असेल एखादं जुनं,” श्यामराव म्हणाले. आवाज नेहमीसारखा ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला.

“जुनं कसं असेल? हा ध्वनीचा भाग कधीचा?”

श्यामरावांनी वहीची मागची पानं पाहिली; ड्रायव्हर शोधताना प्रत्येक भागाची माहिती त्यांनी तिथे उतरवून ठेवली होती. तो भाग बाजारात आला २०२४ मध्ये. या ओळीचं मूळ इंग्रजी वाक्य प्रणालीत आलं ते त्याच्या ड्रायव्हरबरोबर, या वर्षीच्या एप्रिलमध्ये. मानस गेल्यानंतर अडीच वर्षांनी.

“मूळ वाक्यच नव्हतं,” कुमुद म्हणाल्या, “तर त्याचा अनुवाद आधी कोण करून ठेवणार?”

त्याच दुपारी त्यांनी प्रणालीच्या मराठी गटाला मेल पाठवला. गटाचं काम नाशिकहून स्वरूपा कानिटकर पाहतात. त्या २०२३ मध्ये गटात आल्या. मानसला त्या ओळखत नव्हत्या, त्याचं नाव त्यांनी जुन्या यादीत पाहिलं होतं. त्यांचं उत्तर सोमवारी आलं. त्यांनी लिहिलं होतं की हे वाक्य १४ जूनला दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी भरलं गेलं. भरणाऱ्यानं नाव न दाखवण्याचा पर्याय निवडला आहे, त्यामुळे ते त्यांनाही दिसत नाही. दोन शक्यता आहेत. एक, कोणीतरी ते स्वतः टाइप केलं. दोन, अनुवादाचं सॉफ्टवेअर जुन्या वाक्यांवरून नव्यासाठी पर्याय सुचवतं. त्यानं २०२० चं वाक्य सुचवलं असेल आणि कोणीतरी न वाचता होकार दिला असेल. दुसरं जास्त वेळा घडतं, असं त्यांनी प्रामाणिकपणे कळवलं. चूक दाखवून दिल्याबद्दल आभार मानले आणि लगेच दुरुस्त करू का, असं विचारलं.

कुमुदनं उलट मेलनं कळवलं की कृपया इतक्यात करू नका. का, तेही चार ओळींत लिहिलं.

स्वरूपाबाईंचा दुसरा मेल लहान होता. गटाच्या संकेतस्थळावर कोणत्याही वाक्याबद्दल अहवाल भरता येतो. तो अहवाल वाक्य भरणाऱ्याला आपोआप जातो, मग नाव दिसो न दिसो. वर्णनाला दोनशे अक्षरं मिळतात. उत्तर देण्याचं बंधन त्या व्यक्तीवर नसतं.

बुधवारी, १७ तारखेला, साडेचारला दोघं टेबलापाशी बसले. कुमुदनं चौकटीत दोनदा लिहिलं आणि दोनदा पुसलं. पहिल्यांदा प्रश्न फार झाले होते. दुसऱ्यांदा फक्त ‘मानस’ लिहिलं होतं. ते पुसताना त्या म्हणाल्या की दुसरंच कोणी असलं तर बिचारा घाबरेल.

“लिही,” श्यामराव म्हणाले. “सदर वाक्यात चूक नाही.”

“सदर?”

“बरं, सदर काढ. वाक्यात चूक नाही. ते तसंच राहू द्यावं.” वहीचं पान दुमडून त्यांनी परत सरळ केलं. “चूक हसणाऱ्यांची होती.”

“हसले मी. बोललात तुम्ही.”

“मग बोलणाऱ्याची आणि हसणाऱ्यांची, असं लिही. जागा आहे?”

कुमुदनं अक्षरं मोजली. जागा होती.

“खाली नाव?”

“श्याम गद्रे लिही. बाबा नको. फॉर्म आहे तो.”

कुमुदनं लिहिलं: आई, बाबा. पूर्वी आर. के. पुरम. श्यामरावांनी चष्मा लावून ते वाचलं आणि वहीत वेळ लिहिली, पाच वीस. कुमुदनं बटण दाबलं. अहवालाला ४४१७ हा क्रमांक मिळाला. स्थिती ‘नवीन’.

रविवारपर्यंत स्थिती ‘नवीन’ होती. मंगळवारी, २३ तारखेला, सकाळी नऊ पाचला ती ‘पाहिले’ झाली. कोणी पाहिलं ते पानावर दिसत नाही; वाक्य भरणाऱ्याखेरीज गटातल्या लोकांनाही अहवाल उघडता येतो. स्वरूपाबाईंना विचारलं, त्यांनी अहवाल उघडलेला नव्हता. गटात आणखी चौघं आहेत, त्यांना विचारून कळवते, असं त्यांनी लिहिलं. तिघांची उत्तरं आली आहेत. तिघांनीही नाही म्हटलं आहे. चौथ्याचं उत्तर यायचं आहे.

लॅपटॉपला अजून आवाज नाही. ध्वनीच्या ड्रायव्हरची सुधारित फाइल आल्याचं मेकॅनिकनं कळवलं होतं. श्यामरावांनी ती घेतलेली नाही. रोज सकाळी ते आवाज तपासायचं बटण दाबतात, ओळ वाचतात आणि वहीत वेळ लिहितात. शेवटची नोंद बुधवार, २४ डिसेंबरची आहे. दहा चाळीस. वाक्य बदललेलं नव्हतं.