चौसष्टाचे सोळा

मी एक जुना बीकर आहे. पुस्तकात मला चंचुपात्र म्हणतात, पण त्या नावाने हाक मारलीत तर मी वळूनही पाहणार नाही. भट्टीतून निघालो तेव्हा असा लालबुंद होतो, की शेजारच्या गावात म्हणे मध्यरात्रीच पुन्हा उजाडले. खोटे वाटत असेल तर भट्टीलाच विचारा. ती आता बंद पडली आहे.

मित्रांनो, स्वस्थपणा माझ्या काचेतच नाही. कापड रंगवण्याच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत, खिडकीपाशी मी राहतो. खालची यंत्रे सुरू झाली की थरथरतो आणि थांबली की का थांबली म्हणून थरथरतो. तरुणपणी माझे फार कौतुक झाले. मग प्लास्टिकची भांडी आली आणि माझ्या पोटात पेन्सिली कोंबल्या गेल्या. त्या काढून मला पुन्हा कामाला लावले ते मालकांच्या सूनबाईंनी. त्या रसायनशास्त्र शिकलेल्या.

एकदा आवारातला सांडपाण्याचा पाइप फुटला. पाणी मऊ करणाऱ्या टाकीचे धुवण त्यातून जायचे, कॅल्शियम घेऊन. रंगाच्या हौदाचे पाणी दुसऱ्या पाइपातून जायचे, सल्फेट घेऊन. दोन्ही त्या उरलेल्या एकाच पाइपात सोडली आणि कॅल्शियम सल्फेटचा पांढरा साका बसला, तर पाइप चोंदणार. नवा पाइप टाकायचा तर वाटेत लिंबाचे झाड. ते मालकीणबाईंनी लावलेले. त्या गेल्यापासून मालक रोज त्या झाडाशी भांडायचे. बाई होत्या तेव्हा त्यांच्याशीही तसेच बोलायचे.

लाकूडतोड्या येऊन कुऱ्हाडीला धार लावत बसला. तो आवाज माझ्या काचेतून आरपार जात होता.

सूनबाईंनी हिशेब मांडला. एका पाण्यात लिटरमागे आठ मिलिमोल कॅल्शियम, दुसऱ्यात तितकेच सल्फेट. आठ अठ्ठे चौसष्ट. विद्राव्यता गुणाकार त्याच मापात चोवीस. गुणाकार चोवीसच्या पुढे गेला की साका पडतो.

"पडणार, मामंजी," त्या हळूच म्हणाल्या.

मालक चष्मा पुसू लागले. तो स्वच्छच होता.

खात्री करायची म्हणून सूनबाईंनी दोन्ही पाणी सारखे मोजून माझ्यात ओतले आणि कांडीने ढवळले. मित्रांनो, माझी काय तळमळ झाली म्हणून सांगू! पांढरा ढग आत्ता उतरेल, मग उतरेल, असे वाटत होते. पण मी आपला नितळच. बाहेरून लाकूडतोड्याने विचारले, घालू का घाव. सूनबाईंनी त्याला थांबवले. चहा थंड झाला, ऊन टेबलावरून खाली उतरले, तरी मी नितळच.

"म्हातारा आहे, वेळ लावत असेल," मालक म्हणाले. "आम्हा म्हाताऱ्यांचं असंच. कागदावर आलंय ना? मग करू दे लाकूडतोड्याला काम."

सूनबाई माझ्याकडे टक लावून पाहत होत्या. "मामंजी, यात पाणी किती आहे?"

"किती म्हणजे? दोन पेले. तूच ओतलेस."

"आणि मी हिशेब केला एकेका पेल्याचा."

एकत्र आल्यावर कॅल्शियम आणि सल्फेट दोघांनाही दुप्पट जागा मिळाली होती. म्हणजे दोघेही निम्म्याने विरळ. आठाचे चार झाले. चार चोक सोळा! चोवीसच्या आतच.

मालकांचा जीव तरी कुठे थाऱ्यावर होता? झडपा उघडणारा झोपाळू माणूस दोन्ही पाणी कधीच सारखे सोडत नाही, त्याचे काय, असे त्यांनी विचारले. सूनबाईंनी एकास तीन धरले. एक उतरले दोनवर, दुसरे सहावर. बे सक बारा. आणखीच कमी. निम्मे-निम्मे हाच सगळ्यात वाईट मेळ, आणि त्यातूनही झाड सुटत होते.

मालक स्वतः खाली गेले आणि लाकूडतोड्याला परत पाठवून आले. वर आल्यावर सुनेला म्हणाले, "तुझ्या सासूला आता तूच सांग. मला नीट बोलता येत नाही."

तेव्हापासून रोज सकाळी मालक दोन्ही पाण्यांचे नमुने आणतात आणि सूनबाई ते मोजून माझ्यात मिसळतात. सगळे म्हणतात, आता कसली काळजी? मी मात्र थरथरतोच. कारण मित्रांनो, आठ म्हणजे काही कायमचे आठ नव्हे. कुणी हौदात रंगाचे सल्फेटवाले मीठ जास्त टाकले, कुणी टाकी कमी पाण्याने धुतली आणि दोन्हीकडे आठाचे दहा झाले, की निम्मे पाच. पाच पंचे पंचवीस. एकाने ओलांडले तरी ओलांडलेच.

म्हणून मला घासूनपुसून ठेवा आणि गुणाकार करण्याआधी पाणी किती झाले ते विचारा. आणि रोज माझ्यात डोकावत जा. ढग उतरेल त्या सकाळी मला ओरडता येणार नाही.