आत्म्याला 'ळ' सापडेना

कर्वेनगरच्या त्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या, सतरंज्या संपल्या, तरी माणसं येतच होती. व्यासपीठावर टेबल, टेबलावर लॅपटॉप, त्याच्यासमोर झेंडूच्या हारांनी मढवलेला कीबोर्ड. त्याची वायर गुंडाळून ताम्हनात ठेवलेली, म्हणजे शंकेला जागाच नको. लॅपटॉपवर उमटेल ते मागच्या भिंतीवर मोठ्ठं दिसत होतं. तरंगनाथ महाराज टेबलापासून चांगले लांब, डोळे मिटून बसले होते.

"शरीर म्हणजे हार्डवेअर," महाराज माईकवर म्हणाले. "आत्मा म्हणजे सॉफ्टवेअर. हार्डवेअर जळतं. सॉफ्टवेअर कुठे जातं? वरच्या सर्व्हरवर! आणि तिथवर पोचायला काय लागतं?"

"वायफाय!" सभागृह गरजलं.

"तो मी," महाराज नम्रपणे म्हणाले.

कीबोर्डला कुणी हात लावला नाही. तरी भिंतीवर अक्षरं उमटू लागली. 'आई, मी वरद.'

हिराबाईंच्या शेजारी बसलेल्या मथुराबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला. वरद मथुराबाईंचा एकुलता एक मुलगा. मागच्या वर्षी महामार्गावर मोटारसायकलच्या अपघातात गेला. दोघी एकाच सोसायटीत राहायच्या. "हिराताई, एकदा येऊन बघा तरी," असं म्हणून मथुराबाईंनीच त्यांना आणलं होतं.

'रडू नकोस आई. मी तुझं रक्षण करतो. आता तुला गोली...' अक्षरं थांबली. एकेक करून पुसली गेली. पुन्हा 'गोली' आलं, पुन्हा पुसलं गेलं. तिसऱ्यांदा कुठे 'गोळी' उमटलं. 'आता तुला गोळी नको.'

मथुराबाई हुंदके देत हसत होत्या. हिराबाई मात्र भिंतीकडे टक लावून बसल्या होत्या. ही 'गोली' त्यांच्या चांगल्याच ओळखीची होती.

घरातलं काहीही ऑनलाइन करायचं म्हटलं की हिराबाईंचा मुलगा रोहन बंगळुरूहून म्हणायचा, "आई, तुला नाही जमणार. मी करतो." साठीच्या बाईला हे ऐकून ऐकून वीट आला आणि त्यांनी पूर्वा नावाच्या मुलीच्या संगणक वर्गात नाव घातलं. सुरुवातीला माऊस टेबलाच्या कडेवरून खाली जायचा. मग इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणं आलं. 'एल' दाबला की 'ल' येतो, आणि 'ळ' हवा असेल तर शिफ्टचं बटण धरून ठेवावं लागतं, हे काही केल्या लक्षात राहीना. एक अख्खी दुपार त्या 'केळी' लिहायला गेल्या आणि 'केली' लिहून आल्या.

पुण्यात जन्मलेल्या वरदच्या आत्म्यालाही शिफ्ट सापडू नये?

घरी परतताना त्या म्हणाल्या, "मथुराताई, गोळ्या बंद नका करू हं. हार्टच्या आहेत त्या."

"वरदने सांगितलंय," मथुराबाई शांतपणे म्हणाल्या. त्यांनी गोळ्यांचं पाकीट त्याच रात्री कचऱ्यात टाकलं होतं, हे हिराबाईंना दोन दिवसांनी कळलं.

त्या तडक वर्गात गेल्या. "पूर्वा, हात न लावता टाइप होतं का गं?"

पूर्वा हसली. "हात लागतोच काकू. फक्त तो समोरच असायला हवा असं नाही." तिने लॅपटॉपच्या बाजूला नखाएवढी पिन खोचली, बिनवायरचा कीबोर्ड घेऊन दारापाशी गेली आणि तिथून बटणं दाबली. हिराबाईंच्या समोरच्या स्क्रीनवर त्यांचं नाव उमटलं. पिन काढली, की कीबोर्ड मुका.

हिराबाईंनी ती पिन बोटांत फिरवून पाहिली. मग म्हणाल्या, "हे सगळं मला रविवारी उसनं देशील? आणि तूही चल."

रविवारी कार्यालयाच्या दारात चपला ठेवून घेणारा दिग्विजय नावाचा गोड बोलणारा स्वयंसेवक होता. "ताई, कुणाला भेटायचंय?" त्याने हळव्या आवाजात विचारलं. याच तरुणाशी मथुराबाई पहिल्या दिवशी वरदबद्दल तासभर बोलल्या होत्या.

"मालक गेले हो माझे," हिराबाई पदर डोळ्यांना लावत म्हणाल्या. "सुखदेव नाव. खडकीच्या कारखान्यात होते."

थोड्या वेळाने दिग्विजय चपलांपाशी दिसेनासा झाला आणि भिंतीवर अक्षरं आली. 'हिरा, मी सुखदेव. मी इथे सुखात आहे. खडकीची आठवण येते.'

मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. "सुखात आहे हे खरं," सुखदेवराव म्हणाले, "पण पंख्याखाली जागा मिळाली असती तर जास्त बरं झालं असतं."

हशा पिकला. महाराजांनी एक डोळा उघडला. "सिग्नल मिसळतात कधीकधी. हे दुसरे सुखदेव."

"मग तो सिग्नलच बघू," म्हणत हिराबाई व्यासपीठावर चढल्या. लॅपटॉपच्या मागच्या बाजूला ती चिमुकली पिन होतीच. त्यांनी ती उपटली. "हं. आता बोलवा आत्म्याला."

"आत्मा कोपेल!" महाराज ओरडले. "लिहा, देवा, लिहा!"

भिंतीवर एक अक्षरही नवं उमटलं नाही. पण व्यासपीठाच्या पडद्यामागून बटणं बडवल्याचा खटखट आवाज अख्ख्या सभागृहाला ऐकू येऊ लागला.

हिराबाईंनी त्या जागी आपली पिन खोचली, पिशवीतून कीबोर्ड काढला, खाली उतरून पहिल्या रांगेत बसल्या आणि एका बोटाने अक्षरं शोधू लागल्या. लोक श्वास रोखून बघत होते. भिंतीवर उमटलं, 'मी हिरा. मी जिवंत आहे. गोळी रोज घ्या.'

'ळ' पहिल्याच फटक्यात आला.

तेवढ्यात पूर्वाने पडदा ओढला. मांडीवर कीबोर्ड घेऊन दिग्विजय बसला होता. पडदा सरकलेला पाहून त्याची बोटं आत्ता कुठे थांबली.

"हा श्रद्धेचा अपमान आहे!" कुणीतरी ओरडलं.

"श्रद्धा तुमची आहे," हिराबाई मागे वळून म्हणाल्या. "टायपिंग याचं आहे. अपमान कुणी केला ते ठरवा."

त्या विजयी मुद्रेने वळल्या, तर गर्दीतून पुढे आलेल्या मथुराबाई समोर उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक. "का बंद केलंत?" त्या म्हणाल्या. "बोलत होता ना तो माझ्याशी."

हिराबाईंनी त्यांना जवळ घेतलं. मथुराबाईंनी त्यांचा हात झटकला.

दुसऱ्या दिवशी धमकीचा फोन आला. "महाराजांच्या वाटेला जाऊ नका, भस्म व्हाल."

"कधी ते कळवा," हिराबाई म्हणाल्या, "म्हणजे दूधवाल्याला नको म्हणून सांगते." फोन ठेवून त्यांनी पोलिसांत द्यायची तक्रार टाइप करायला घेतली. रोहनचा फोन आला, "आई, मी करून देतो." त्या म्हणाल्या, "तू गप्प बस."

तक्रार पुरी व्हायला दुपार झाली. तेवढ्यात मथुराबाई दारात आल्या. डोळे सुजलेले, हातात औषधाच्या दुकानाची पिशवी.

"घेतली आज," त्या म्हणाल्या. मग त्यांनी स्क्रीनवरची तक्रार वाचली. "त्याच्या नावाने मला मरायला सांगत होते हो ते. माझंही नाव घाला तक्रारीत."

"मी नाही घालणार," हिराबाई उठून खुर्ची मोकळी करत म्हणाल्या. "बसा. आपलं नाव आपण लिहायचं."

मथुराबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा कीबोर्डला हात लावला. एकेक बटण शोधत, चुकत, पुसत नाव उमटलं. त्याखाली कुणी न सांगता त्यांनी आणखी दोन शब्द लिहायला घेतले. वरदची आई.

यंत्राला सिद्धी नसते आणि आत्मा बटणं दाबत नाही. अक्षरं आपोआप उमटताना दिसली, की हात जोडण्याआधी उठून पडद्यामागे बघा. कुणाची तरी बोटं तिथे असतात.