उंबऱ्यावरचा कासार

फाल्गुन उतरणीला लागला होता. कृष्णाकाठच्या त्या गावात अंगणाअंगणांतून शिजवलेली हळद वाळत पडली होती. वरून ऊन, खालून हळद, आणि मध्ये दुपार पिवळी, पिवळी, पिवळीधमक. भिंती पिवळ्या, वारा पिवळा, कुत्र्यांचे पायसुद्धा पिवळे. एवढ्या त्या सुवर्णवैभवात हिंदुरावाचे घर तेवढे मलूल होते.

त्या घरात त्याची बायको शालन हळूहळू मागे मागे निघाली होती. आधी भाजीतले मीठ विसरले, मग वारांची नावे, मग लेकीचे सासर. आणि दिवाळीनंतर कधीतरी, काही गाजावाजा न होता, समोरचा नवराही तिच्या ओळखीतून निसटला.

म्हणजे नवरा तिला आठवत होता, लख्ख आठवत होता. पण तो काळ्याभोर मिशांचा, रुंद छातीचा, तिन्हीसांजेला रानातून परतणारा मालक. हा शुभ्रकेशी, वाकल्या पाठीचा म्हातारा घरात का वावरतो, ते तिला उमगत नव्हते. आणि परक्या पुरुषाला अंगाला हात लावू द्यावा, एवढी काही ती निलाजरी नव्हती.

हिंदुराव थकला होता. निजून थकला होता, उठून थकला होता. न्हाऊ घालायला भावजय येई, बाकी सारे त्याच्या माथी. तिने सांडावे, त्याने पुसावे; तिने फेकावे, त्याने वेचावे; तिने शिवी हासडावी, त्याने ती मुकाट गिळावी. पहाटे जाग आली की त्याला वाटे, आज डोळे उघडलेच नसते तर बरे झाले असते. असे वाटल्याची लाज वाटे, आणि आता तर लाज वाटण्याचाही कंटाळा आला होता.

त्यात शालनचा उजवा हात सुजला. हिरव्या काचेच्या बांगड्या फुगलेल्या मनगटात रुतल्या, खाली जखम झाली, जखमेला वास येऊ लागला. दारात उभ्यानेच पाहून डॉक्टर म्हणाले, "आधी त्या बांगड्या काढा. नाहीतर हात गमवाल." भावजयीने तर कानांवर हात ठेवले. "नवरा जित्ता असताना बाईचा हात मोकळा करायचा? भावजी, माझ्याच्यानं न्हाई व्हायचं."

मग सकाळी हिंदुराव स्वतःच पक्कड घेऊन तिच्यापाशी गेला. पक्कड दिसली मात्र, शालन भिंतीला चिकटली. हरिणीसारखे तिचे डोळे विस्फारले, आणि सारी आळी गोळा होईल असा टाहो तिने फोडला.

"नगं! मालक जित्तं हाईत माजं! माजा हात मोकळा करू नगंस, मुडद्या!"

तो जिता मालक समोरच उभा होता, आणि स्वतःच्या जितेपणाचा पुरावा काही त्याच्यापाशी नव्हता. त्याने पक्कड खाली ठेवली. परसात जाऊन तो पोटभर रडला.

रडून झाल्यावर त्याला आपली चूक कळली. बाईच्या मनगटाची रीत त्याला उभ्या जन्मात शिकावी लागली नव्हती. आधी नवी बांगडी चढते, मग जुनी वाढवतात; फोडली असे म्हणायचेही नाही. सवाशिणीचा हात क्षणभरही रिता राहत नाही. ही रीत कासाराची. आणि ज्याच्या हाती बाई उंबऱ्यावर बसून निःसंकोच हात देते, असा परका पुरुष गावात एकच, तोही कासारच. परकेच व्हायचे नशिबात असेल, तर कासार का होऊ नये?

बाजारातून त्याने थोराड मापाच्या हिरव्या बांगड्या आणल्या. डोक्याला काळी टोपी, खांद्यावर बोचके. ऊन कलायच्या आत तो मागच्या दाराने बाहेर पडला, घराला वळसा घालून पुढच्या दारी आला, आणि आवाज चढवून म्हणाला, "बांगड्या भरायच्या का, अक्काऽ?"

मग पदर डोक्यावर सावरत शालन आली, मांडी घालून उंबऱ्याशी बसली, आणि तिने हात पुढे केला.

किती महिन्यांनी तो हात! नांगरल्या रानासारखा खरबरीत, तापाने कढत, त्याचाच. त्याने तेल लावले, बोटे जुळवून दाबली, अंगठा आत मुडपला. नवी बांगडी पेराशी अडली, अडली, आणि सरकली.

"मामा, हात कापतुया तुमचा," शालन हसली. "धंद्यात नवीन हाईसा जणू!"

"व्हय अक्का. म्हातारपणी शिकतुया."

"हिरव्याच घाला. आमच्या मालकास्नी हिरव्या आवडत्यात. रानात गेल्यात, येतील इतक्यात."

नव्या बांगड्यांनी हात भरला, तेव्हा जुन्यांखाली फडक्याची घडी सारून त्याने एकेक अलगद वाढवली. ती कळवळली, पण तिने हात मागे घेतला नाही. कासाराचा धंदाच तो. त्याने जखम धुतली, मलम लावले, फुंकर घातली. फुंकर घालताना त्याचे ओठ मनगटाच्या फार जवळ गेले, आणि तिथेच थबकले.

मग शालन उठली. बांगड्या भरल्या की कासाराला नमस्कार करायचा, ही रीत तिच्या हाडांत होती. पदराचे टोक दोन्ही हातांत धरून ती वाकली, आणि आशीर्वादाची वाट पाहत वाकलेलीच राहिली.

कासार काय म्हणतो ते हिंदुरावाला ठाऊक होते. अखंड सौभाग्यवती हो. हजारदा कानांवरून गेलेल्या त्या शब्दांचा अर्थ आज प्रथमच त्याला दिसत होता: तू आधी जा, तुझा नवरा मागे राहो, तुला शेवटचा घास भरवीपर्यंत, तुझा शेवटचा श्वास ऐकेपर्यंत, तो थकलेला, वाकलेला, विसरलेला म्हातारा जगो, जगो, जगत राहो.

"अखंड सौभाग्यवती हो, अक्का," तो म्हणाला. मरण मागून थकलेल्या त्या तोंडाने स्वतःसाठी आयुष्य मागून घेतले.

शालन समाधानाने आत गेली. काळोख्या माजघरातून, न्हाणीवरून, चुलीपर्यंत, एक हिरवी किणकिण चालत गेली, चालत गेली. आणि उंबऱ्याबाहेर काळी टोपी मांडीवर घेऊन तो ती ऐकत राहिला.